भंगार म्हणा, हरकत नाही

घरात माणसं पाच आणि गाड्या सहा असल्या, की किस्से जमवावे लागत नाहीत, आवरावे लागतात! कोणी पाहुणा आला आणि चहा होईपर्यंत सहज म्हणाला, "काय, गाड्यांचं कसं चाललंय?" की संपलं. एक जण सुरू करतो, दुसरा मध्येच "तसं नव्हतं ते" म्हणतो, तिसरा मूळ मुद्दा सोडून भलतीच गाडी काढतो. पाहुण्याचा चहा गार होतो. काही पाहुणे परत येत नाहीत. त्यांनाही आमची हरकत नाही.

आधी माणसं सांगते. बाबा निवृत्त चित्रकला शिक्षक. गाडीचा रंग, पॉलिश, नंबरप्लेटची अक्षरं त्यांच्याकडे. आई पुण्याजवळच्या मांजरी गावची, शेतकऱ्याघरची, चौदाव्या वर्षी ट्रॅक्टर चालवणारी. इंजिन आईकडे. हे वाक्य लोक दोनदा विचारतात, म्हणून मीच दोनदा सांगते. इंजिन आईकडे! माझा धाकटा भाऊ निखिल आयटीत आहे, वायरिंग त्याचं. मी मनीषा, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, पण घरात माझं काम म्हणजे सीटची शिलाई आणि सरकारी कागदपत्रं. दोन्हीला सारखाच चिवटपणा लागतो. पाचवं माणूस घरात कसं आलं, ते ओघात येईलच.

आम्ही राहतो कसब्यात. आमच्या गल्लीत सायकल वळवायची तरी दोघातिघांना थांबावं लागतं, त्यामुळे गाड्या असतात मांजरीला, आईच्या भावाच्या म्हणजे दत्तामामाच्या शेतावर, पत्र्याच्या शेडमध्ये. दर शनिवारी आम्ही तिकडे. नातेवाईक म्हणतात, "वेड लागलंय." आम्ही म्हणतो, "हो, आणि सगळ्यांना एकच लागलंय, म्हणून घरात भांडणं कमी."

हे शेवटचं तितकंसं खरं नाही.

•

आमची पहिली गाडी, पद्मिनी, आणली तेव्हा शेड तयार नव्हती. म्हणून आठ दिवस ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. चाकं बसलेली, टपावर गंज, एका दाराऐवजी प्लायवूड. तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या एका काकांनी तिच्या काचेवर पुठ्ठ्याची पाटी चिकटवली.

"येथे भंगार टाकु नये. हि गल्ली सार्वजनीक आहे."

निखिल भडकला. "बाबा, मी जाऊन बोलतो त्यांच्याशी!"

बाबा म्हणाले, "थांब." खिशातून लाल पेन काढलं. 'टाकु', 'हि' आणि 'सार्वजनीक' या तिन्ही शब्दांभोवती गोल केले, समासात बरोबर शब्द लिहिले आणि खाली शेरा दिला. "आशय स्पष्ट. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. १० पैकी ५."

दुसऱ्या दिवशी नवी पाटी! सगळं शुद्ध, अक्षर टपोरं, वर चारी बाजूंनी आखलेली चौकट. बाबांनी चष्मा पुसला, दोनदा वाचली आणि लिहिलं, "उत्तम प्रगती. १० पैकी ९."

मी विचारलं, "बाबा, आता कशाचा मार्क कापलात?"

"भंगार म्हणाला ना!"

•

त्याच पद्मिनीचा कार्ब्युरेटर गेला होता. आई नाना पेठेत एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेली. काउंटरवर चार गिऱ्हाइकं, सगळे पुरुष. आई अर्धा तास उभी. शेवटी मालकांनी तिच्याकडे पाहिलं.

"काकू, काय हवंय?"

आईनं सांगितलं. कुठला, कुठल्या सालचा, आतली कुठली सुई झिजलीय, सगळं.

मालक हसले. "काकू, असं करा, साहेबांना पाठवा. तुम्हाला चुकीचं दिलं तर उगाच फेरा पडेल."

आई काही न बोलता परत आली. आई जेव्हा काही बोलत नाही तेव्हा आम्ही सगळे आपापल्या खोलीत जातो.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना घेऊन गेली. बाबांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत कापडी पिशवी. मालक उठून उभेच राहिले. "या साहेब, या! बोला, काय देऊ?"

बाबा आईकडे वळले. "काय गं, काय द्यायचं?"

आईनं पुन्हा सगळं सांगितलं. मालक ऐकत होते, पण बघत होते बाबांकडे. म्हणाले, "साहेब, हे नक्की ना?"

"मला काय विचारता?" बाबा म्हणाले. "मी पिशवी धरायला आलोय."

आता त्या दुकानात आई गेली की मालक स्वतः स्टूल पुढे करतात. साहेब कसे आहेत, असं चुकूनसुद्धा विचारत नाहीत!

•

निखिलच्या लग्नाचं बघत होतो. मुलीकडचे पाच जण घरी आले. पोहे झाले, नोकरी झाली, पत्रिका झाली. मग मुलीचे वडील सैलावून बसले आणि म्हणाले, "गाडीबिडी आहे का?"

"आहेत," बाबा म्हणाले. "सहा."

खोलीत एकदम वातावरण बदललं. मुलीच्या आत्यानं पदर सारखा केला. वडील पुढे सरकले. "सहा! वा, वा! म्हणजे व्यवसाय आहे का ट्रॅव्हल्सचा?"

"छे हो. त्यातली एक चालते."

मी निखिलकडे पाहिलं. तो पोह्यांच्या डिशमध्ये तोंड घालून बसला होता. आई पुढे म्हणाली, "आणि एक अजून डब्यांत आहे."

"डब्यांत?"

"सुटी. अकरा डबे. बिस्किटांचे."

मंडळी दहा मिनिटांत उठली. "कळवतो," म्हणाली. पुण्यात "कळवतो" म्हणजे काय, ते मी कळवायला नको.

रात्रीच्या जेवणाआधीच निखिलचा फोन वाजला. मुलगी होती, सायली. म्हणाली, "घरचे नाही म्हणताहेत."

"अच्छा," निखिल म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मी हो म्हणतेय. त्यांच्याशी माझं मी बघते. पण माझी एक अट आहे. बाकीच्या पाच चालू करायच्या."

तिचे वडील दोन महिने बोलत नव्हते तिच्याशी. ती रोज त्यांच्यासमोर बसून चहा प्यायची आणि रोज तेच वाक्य म्हणायची, "बाबा, मुलगा चालू आहे ना? मग गाड्या होतील." शेवटी तेच हसले. आज सहापैकी चार चालतात. उरलेल्या दोन सायली निखिलला अधूनमधून बोटांवर मोजून दाखवते.

•

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. बाबांचं म्हणणं, गाडी कारखान्यातून निघाली तशीच दिसली पाहिजे. स्क्रूसुद्धा तसाच. निखिलचं म्हणणं, आपण ती चालवणार आहोत, तर त्यात माणसानं बसलं पाहिजे. या दोघांमध्ये पद्मिनीत एसी बसवण्यावरून जे झालं, त्याला भांडण म्हणणं म्हणजे सौम्यच.

"ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल!" बाबा शेडमध्ये ओरडत होते. "त्या काळी होता का एसी?"

"त्या काळी पुण्यात एवढा उकाडाही नव्हता!"

"माझ्या गाडीत परकी वस्तू चालणार नाही. एकसुद्धा!"

निखिल पाना खाली ठेवून म्हणाला, "बाबा, तुमच्या तोंडात चार दात ओरिजिनल नाहीत."

दत्तामामा उसाकडे बघायला लागला. आई बॉनेटखाली होती, तिथून बाहेरच आली नाही. मला वाटलं, आता आठवडाभर अबोला.

बाबांनी जीभ दातांवरून फिरवली.

"कबूल," ते म्हणाले. "पण ते दात दिसतात का? नाही दिसत. तुझा एसीही दिसता कामा नये."

तीन महिने लागले निखिलला! जुन्या रेडिओच्या जाळीमागून गार हवा येते, बटण ॲशट्रेमध्ये आहे. अजून एकाही माणसानं ओळखलेलं नाही. नवीन कोणी बसलं की बाबा मुद्दाम म्हणतात, "बघा, जुन्या गाड्या आतून किती गार असायच्या!"

•

मांजरीला आता शेताच्या तिन्ही बाजूंनी इमारती झाल्यात. मामाला जमीन विकायला सांगणारे येतात, चहा पितात, जातात. मामा चहा चांगला देतो.

एका रविवारी शेजारच्या नव्या सोसायटीचे चेअरमन आले. सोबत दोन सभासद, हातात टाइप केलेला अर्ज. म्हणाले, "दर शनिवार-रविवार इथे इंजिनांचा आवाज होतो. आमच्या रेसिडेंट्सना डिस्टर्ब होतं. हे शेड इथून हलवावं, अशी आमची विनंती आहे."

मामानं खाट पुढे ओढली. "बसा की."

"नाही, आम्हाला उत्तर हवंय."

"तुमची सोसायटी कवाची?"

"दोन वर्षं होतील."

मामानं शेडच्या दारातल्या आपल्या जुन्या जीपकडे बोट केलं. "ही हितं एकवीस वर्षं हाय. तुमचं पोकलेन वर्षभर दिवसरात धडधडत हुतं, तवा हिनं अर्ज केला का?"

सभासद जीपकडे बघत होते. त्यातला एक हळूच म्हणाला, "फोर बाय फोर आहे का?"

पुढच्या शनिवारी तो सभासद एकटाच आला. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरा. आता चेअरमनसाहेब मामाला फोन करतात, पण तक्रार आमच्याबद्दल नसते. "तुमच्याकडे आमचे दोघं आलेत का? घरून विचारताहेत," असं असतं.

•

हा किस्सा सांगताना आम्ही कोणी मध्ये बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, बोलणं सुधारलं, डावा पाय मात्र काठीवर राहिला. डॉक्टर म्हणाले, "सर, ड्रायव्हिंग आता विसरा."

बाबांनी विसरायचा प्रयत्न केला. शनिवारी आम्ही निघालो की म्हणायचे, "तुम्ही या जाऊन. मी पेपर वाचतो." परत आलो की पेपर घडीसुद्धा न मोडता तिथेच. आम्हाला वाटलं होतं ते रागावतील, आदळआपट करतील. त्यातलं काही केलं नाही. तेच आम्हाला सहन होईना.

आई त्या दिवसांत एकटीच मांजरीला जायला लागली. आठवड्याच्या मधल्या वारीसुद्धा. काय करतेस म्हटलं तर सांगायची नाही. एकदा कपाळावर खोक घेऊन आली. एकदा मामाचा फोन आला, "ताईनं गाडी उसात घातली. ताई बरी हाय. ऊस न्हाई."

महिन्याभरानं तिनं आम्हाला पद्मिनी दाखवली. या गाडीचा गिअर स्टीअरिंगच्या मागेच असतो, डाव्या हाताशी. त्या गिअरच्या दांड्यावर आईनं स्कूटरचा क्लच बसवला होता! हातानं दाबायचा, हातानंच गिअर टाकायचा. डाव्या पायाला काम नाही.

"पुण्यातला माणूस," आई म्हणाली. "स्कूटर विसरणं शक्य नाही."

आता माझी पाळी. गाडीत बदल केला की परवानगी लागते. आरटीओच्या कचेरीतून माझी फाइल दोनदा परत आली. खिडकीमागचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, असा अर्ज आमच्याकडे पूर्वी आलेला नाही."

मी म्हटलं, "मग हा पहिला."

"नमुना नाही ना याचा."

"आता झाला. पुढच्याला दाखवा."

तिसऱ्या फेरीत तपासणीची तारीख मिळाली. आम्ही पाचही जण गेलो. इन्स्पेक्टरसाहेब तरुण होते. त्यांनी क्लच दाबून पाहिला, खाली वाकून केबल पाहिली, मग विचारलं, "हे काम कुठल्या गॅरेजचं?"

"मी केलंय," आई म्हणाली.

"तुम्ही? म्हणजे, तुमच्या देखरेखीखाली?"

"मी म्हणजे मी."

"तुम्ही इंजिनिअर आहात का?"

चाळीस वर्षं कसब्यात राहून आईची भाषा आमच्यासारखी झाली आहे. पण संतापली की मांजरी बाहेर येते. तिनं काठीवर उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"इंजिनिअर न्हाई. बायको हाय!"

साहेबांनी किल्ली मागितली. स्वतः गाडीत बसले, मैदानाला दोन चकरा मारल्या आणि उतरून सही केली. मग बाबांची परीक्षा झाली. बाबांनी ती दिली. दिली म्हणजे काय, साहेब "पुरे" म्हणाल्यावरही आणखी एक चक्कर मारून दिली!

परत येताना बाबांनीच गाडी चालवली. आई शेजारी, आम्ही तिघं मागे. एका सिग्नलला थांबल्यावर बाबा समोर बघत म्हणाले, "क्लच जरा जड आहे."

आई म्हणाली, "मग हात हलका ठेवा."

•

त्यानंतर बाबा काही ऐकेनातच. बसस्टॉपपर्यंत जायचं तरी गाडी. मांजरीहून ती एरवीही कसब्याजवळ आणून ठेवायला लागले.

एकदा शनिवार पेठेत त्यांच्या शेजारी एक भलीमोठी नवी गाडी येऊन थांबली. काच खाली झाली. आतला तरुण म्हणाला, "अंकल, अमेझिंग! ही म्युझियममध्ये पाहिजे हो!"

"जाईल," बाबा म्हणाले. "आधी तिला मंडईत जायचंय. वांगी संपलीत."

•

आणि आता अँबॅसिडरचं सांगते.

ती आम्हाला एका भंगारवाल्याकडे मिळाली. उद्या कापणार, म्हणून आदल्या दिवशी उचलली. दीड वर्ष काम चाललं. जुन्या कागदांवर पहिल्या मालकाचं नाव होतं. निखिलनं शोध घेतला. मालक वारले होते, पण त्यांच्या पत्नी कोथरूडला मुलाकडे राहत होत्या. सुमतीबाई, वय एकोणऐंशी. गाडी तयार झाल्यावर मी फोन केला. मुलगा म्हणाला, "ती अजून आहे? मीच दिली होती हो भंगारात. आईला दाखवायला आणतो."

रविवारी सकाळी ते मांजरीला शेडवर आले. सुमतीबाई बारीक चणीच्या, सुती साडी, पायांत मुलाच्या जुन्या बुटांसारखे बूट. गाडीभोवती एक फेरी मारली. बाबांनी लावलेल्या रंगावरून बोट फिरवलं. मग मागचं डावं दार उघडून आत जाऊन बसल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"ही माझी जागा," म्हणाल्या. "हे चालवायचे. पुढे सासरे. सासरे गेल्यावर दीर. मग हा मोठा झाला, हा पुढे."

आईनं विचारलं, "तुम्ही नाही कधी चालवली?"

"एकदा किल्ली मागितली होती. हे म्हणाले, तुला कुठे जायचंय?" त्यांनी खिडकीची काच खाली केली. "आता खरं सांगायचं तर, कुठे जायचंय ते मला तेव्हा सांगता आलं नाही. मग राहूनच गेलं."

आईनं हात पुसले, पुढचं उजवं दार उघडलं आणि म्हणाली, "या."

मुलगा दचकला. "अहो, काहीतरीच काय! आई, वय काय तुझं? गुडघे बघ तुझे!"

"गुडघे माझे आहेत," सुमतीबाई म्हणाल्या आणि उतरून पुढे येऊन बसल्या.

शेडसमोरून मामाच्या शेतातली वाट जाते. सरळ, दोन्हीकडे ऊस, खाजगी, चिटपाखरू नाही. आई शेजारी बसली. क्लच कुठला, ब्रेक कुठला, पाय कसा सोडायचा, सगळं तिनं शांतपणे सांगितलं. पहिल्यांदा गाडी गचका खाऊन बंद पडली. मुलगा म्हणाला, "झालं ना? ये आता बाहेर." दुसऱ्यांदाही बंद पडली. "आई, हट्ट पुरे!"

तिसऱ्यांदा गाडी निघाली.

पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं, पण निघाली! सुमतीबाईंनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, मान सरळ, नजर समोर. मी आणि सायली एका बाजूनं चालत होतो, दुसऱ्या बाजूनं मुलगा. "आई, थांब! आई, बास झालं! अगं, काही झालं म्हणजे?" त्या बघतच नव्हत्या. शेवटी तो धावत पुढे गेला आणि वाटेच्या बरोबर मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"ब्रेक," आई म्हणाली. "मधला. हळू."

गाडी त्याच्यापासून दहाएक हातांवर थांबली. झकास थांबली, इंजिन चालूच. मुलानं सुटकेचा निःश्वास सोडला, पण हात खाली घेतले नाहीत.

सुमतीबाईंनी काचेतून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आईला विचारलं, "हॉर्न कुठला?"

आईनं दाखवला.

त्यांनी तो दाबला. चांगला लांबलचक!